पोस्टडॉक : नोकरी की मुदतीची शागिर्दी?

गेल्या महिन्यात आमच्या दुकानावर सुताचे एक जुने दलाल आले होते. चहा झाला, सुताच्या भावाची चर्चा झाली, उधारीचे रडगाणे झाले. उठता उठता त्यांनी विचारले, "सेठ, तुमची पुण्याची मुलगी अजून शिकतेच आहे का?" मी म्हणालो, "शिक्षण संपले. पीएच.डी. झाली. आता पोस्टडॉक करते." ते म्हणाले, "म्हणजे काय?" मी तोंड उघडले आणि गप्प झालो. तीस वर्षांहून अधिक काळ कापड विकतो आहे. तागा हातात घेतला की पन्ना आणि सुताचा नंबर सांगतो. पण पोटच्या मुलीचे काम मला एका वाक्यात सांगता आले नाही.

माझे शिक्षण उर्दू माध्यमातून दहावीपर्यंत. आमच्या शाळेत पेशीला 'खलिया' म्हणत, एवढेच जीवशास्त्र डोक्यात राहिले. त्यातही मुलीच्या नावापुढे 'डॉक्टर' लागल्यापासून मोहल्ल्यातले लोक ताप-खोकल्याची औषधे विचारायला येतात. ती हसून त्यांना दवाखान्याचा रस्ता दाखवते. शेवटी मी दोन दिवस पुण्याला गेलो, तिच्यासमोर वही घेऊन बसलो आणि म्हणालो, "आता दुकानाचा मांडतो तसा तुझ्या कामाचा हिशोब मला मांडून दे." तो हिशोब व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवतो आहे. आज आपल्या घराघरांतून मुले-मुली बी.एस्सी., एम.एस्सी. करत आहेत. उद्या हाच प्रश्न त्यांच्या दारी येणार आहे.

काम कसले आहे?

ज्यांनी जॅकार्ड चालवले आहे त्यांना हे लवकर समजेल. फ्रान्सच्या जॅकारने १८०४ च्या सुमारास असा माग तयार केला की पुठ्ठ्याच्या कार्डावरची भोके पाहून ताण्याचा कोणता धागा उचलायचा ते ठरावे. कार्डांची माळ बदलली की नक्षी बदलली. सजीवांच्या पेशीत अशीच एक माळ असते. तिला डीएनए म्हणतात. भोकांच्या जागी तिथे चार रासायनिक अक्षरे असतात आणि माणसाच्या माळेत अशी सुमारे ३ अब्ज अक्षरे आहेत. कार्डावर एक भोक चुकले तर प्रत्येक नक्षीत तोच दोष उमटतो. तसेच इथेही होते. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी भागात जो सिकलसेलचा आजार आहे, तो एका अक्षराच्या चुकीतून होतो.

ही माळ वाचण्याचे जागतिक काम १९९० मध्ये सुरू झाले आणि २००३ मध्ये संपले. खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर आला. आज एका माणसाची माळ हजार डॉलरच्या आत वाचता येते. आपल्या देशातही 'जीनोम इंडिया' प्रकल्पात १० हजार भारतीयांच्या माळा वाचल्या गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. म्हणजे सूत स्वस्त झाले, गोदामे भरली. आता तुटवडा आहे तो विणणाऱ्यांचा. या प्रचंड माहितीतून आजाराचे कारण, औषधाची जागा, पिकाचा गुण संगणकावर शोधून काढणे याला बायोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे जैवमाहितीशास्त्र म्हणतात. पुणे विद्यापीठात याचे केंद्र १९८७ मध्येच उभे राहिले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानात साधा कॅल्क्युलेटरही नव्हता. धंदा नवा वाटतो, पण महाराष्ट्रात त्याची पेढी जुनी आहे.

पायऱ्या आणि वर्षे

आता पायऱ्या मोजा. एम.एस्सी. होईपर्यंत वय २३. त्यानंतर सीएसआयआर-यूजीसी नेटसारखी परीक्षा देऊन फेलोशिप मिळवायची. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात. वय झाले २९-३०. आपण समजतो की इथे नोकरी लागते. लागत नाही. चांगल्या संशोधन संस्थेत जागा हवी तर दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या उस्तादाकडे आणखी दोन ते पाच वर्षे काम करून दाखवावे लागते. यालाच पोस्टडॉक म्हणतात. पदवी पूर्ण झालेली असते, हुनर हातात असते, पण स्वतःची पेढी नसते.

आपल्याकडे मजुरीवर माग चालवणारा कारखानदार असतो. बीम व्यापाऱ्याचा, सूत व्यापाऱ्याचा, माग आणि मेहनत त्याची, आणि तयार तागे पुन्हा व्यापाऱ्याच्या गोदामात. पोस्टडॉकचे बरेचसे असेच आहे. सरकारी अनुदान प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या नावावर येते. पोस्टडॉक त्यावर काम करतो. अनुदानाची मुदत संपली की बहुधा त्याचीही मुदत संपते. मात्र एक फरक आहे आणि तो मोठा आहे. इथे तयार मालावर विणणाऱ्याचेही नाव पडते. जीवशास्त्राच्या शोधनिबंधात ज्याने मुख्य काम केले त्याचे नाव सहसा पहिले आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे शेवटचे असते. पुढची जागा या पहिल्या नावावर मिळते. म्हणून मुलाला पगार विचाराल तेव्हा हेही विचारा की निबंधावर नाव कुठे आहे. चार वर्षे राबून नाव मधे कुठे तरी दडले असेल, तर दुसऱ्याच्या शिक्क्याचा माल विणला असे समजा.

पैशांचा हिशोब

जमेची बाजू आधी लिहितो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये दर सुधारले. पीएच.डी.च्या सुरुवातीला महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, आणि पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएटला अनुभवाप्रमाणे ५८, ६१ किंवा ६७ हजार रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. याशिवाय २०१५-१६ पासून राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. ती दोन वर्षांची असते आणि उमेदवाराच्या स्वतःच्या नावावर मिळते, म्हणून तिला जास्त मान. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आणि स्वतंत्र कामासाठी इन्स्पायर फॅकल्टी या पाच-पाच वर्षांच्या योजना आहेत. एका घरात बसून शिकणाऱ्या मुलीला महिना ५८ हजार, हे ऐकून आमच्या बाजारात भुवया उंचावतात.

आता नावेची बाजू. कॉलेजमधल्या कायम सहायक प्राध्यापकाचा सातव्या वेतन आयोगातला सुरुवातीचा मूळ पगार ५७,७०० रुपये आहे. आकडा सारखाच दिसतो ना? पण त्या प्राध्यापकाला वर महागाई भत्ता आहे, जो २०२४ मध्येच मूळ पगाराच्या ५० टक्क्यांवर गेला. पोस्टडॉकला महागाई भत्ता नाही. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी सहसा नाही. दर सुधारले गेले ते २०१४ मध्ये, मग २०१९ मध्ये, मग २०२३ मध्ये. मधल्या वर्षांची महागाई ज्याची त्याने सोसायची. २०१९ ची वाढसुद्धा देशभरचे संशोधक रस्त्यावर उतरले तेव्हा झाली.

त्याहून वाईट म्हणजे पैसे वेळेवर येत नाहीत. माझ्या मुलीची फेलोशिप एका संस्थेत असताना सलग पाच महिने थकली. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. ती मला सांगेना. खोलीमालकाचा तगादा लागला तेव्हा तिच्या मैत्रिणीकडून मला कळले. मी पैसे पाठवले, कारण दुकान आहे. ज्याचा बाप चार मागांवर दुसऱ्याची मजुरी करतो, त्याच्या मुलाने काय करावे? तो संशोधन सोडतो आणि मिळेल ती नोकरी धरतो. देशाने त्याच्यावर घातलेली दहा वर्षे अशी पाच महिन्यांच्या थकबाकीपायी वाया जातात. व्यापारात आपण याला नादारी म्हणतो.

शेवटी पोहोचायचे कुठे?

पुण्यात एनसीसीएस, आयसर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय विषाणू संस्था; मुंबईकडे टीआयएफआर, आयआयटी, खारघरचे ॲक्ट्रेक. नावे मोठी आहेत, पण प्रत्येक ठिकाणी वर्षाला जागा बोटांवर मोजण्याइतक्या निघतात. आयसरसारख्या संस्थेत सहायक प्राध्यापक झाला की सुरुवातीचा मूळ पगार १,०१,५०० रुपयांच्या श्रेणीत असतो आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळते. तिथवर थोडेच पोहोचतात. बाकीच्यांपैकी काही कॉलेजात जातात. महाराष्ट्रात कॉलेजच्या कायम जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसे लावली जातात, हे सर्वांना माहीत आहे. पीएच.डी. झालेला माणूस तासावर शिकवतो आणि सुट्टीत त्याची कमाई बंद होते.

बायोइन्फॉर्मेटिक्सवाल्याला मात्र तिसरे दार आहे. ज्याचा सगळा अनुभव एका विशिष्ट किड्यावर किंवा एका यंत्रावर आहे, त्याच्यापेक्षा संगणक आणि आकडेशास्त्र हातात असलेल्याला औषध कंपन्या, जनुकीय तपासणीच्या लॅब, लस बनवणारे, सॉफ्टवेअर कंपन्या यांत लवकर जागा मिळते. बेंगळुरू, हैदराबाद, पुणे इथे ही कामे आहेत. पण इथेही सावध राहा. आपल्या डोळ्यांदेखत साध्या मागाच्या जागी रेपिअर आणि एअरजेट आले. त्यांच्या क्षेत्रात तसेच घडले. प्रथिनाचा आकार शोधायला पूर्वी वर्षे लागत. २०२० मध्ये अल्फाफोल्ड नावाच्या संगणक-प्रणालीने तो बांधून दाखवला, २०२२ पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे आकार खुले झाले आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल या कामाला मिळाले. ज्यांना फक्त जुना माग चालवता येत होता ते मागे पडले. ज्यांना कोणती नक्षी विणायची हे कळत होते, त्यांचे काम उलट वाढले. २००० नंतरच्या लाटेत भरमसाट फी घेऊन सहा महिन्यांच्या बायोइन्फॉर्मेटिक्स पदविका विकणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली होती. त्यातली किती मुले कामाला लागली ते त्यांच्या बापांना विचारा. पाया पक्का नसेल तर सॉफ्टवेअरचे नाव पाठ करून काही होत नाही.

चौथे दार परदेशाचे. अमेरिकेत सरकारी शिष्यवृत्तीवरच्या नव्या पोस्टडॉकला २०२४ च्या दराने वर्षाला ६१,००८ डॉलर होते. आपण लगेच रुपयांत गुणाकार करतो. कमाई डॉलरची तसा खर्चही डॉलरचा, आणि बॉस्टनसारख्या शहरात भाड्यातच निम्मा पगार जातो. शिवाय २०२५ मध्ये तिथे संशोधनाची अनेक अनुदाने रोखली वा रद्द केली गेली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. जाऊ नये असे मी म्हणत नाही. पण जुन्या भावाने नवा सौदा करू नये.

दोन माणसांची गोष्ट

उत्तर प्रदेशातल्या बस्ती गावचे ओबेद सिद्दिकी अलीगढला शिकले, ग्लासगोला पीएच.डी. केली, मग अमेरिकेत पेनसिल्वेनियाला पोस्टडॉक. जनुकांच्या लिपीत वाक्य कुठे संपते त्याची खूण असते, ती उलगडण्यात त्यांच्या तिथल्या कामाचा हातभार लागला. १९६२ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईला टीआयएफआरमध्ये बोलावले. पुढे बेंगळुरूचे एनसीबीएस हे मोठे केंद्र त्यांनी उभे केले. २००६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. शागिर्दी पुरी झाली त्याच वेळी एक जाणकार त्यांना पेढी उघडून द्यायला उभा होता, हे विसरू नका.

दुसरी हंगेरीची कातालिन कारिको, खाटकाची मुलगी. १९८५ मध्ये मोटार विकली, मिळालेले पैसे मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवले आणि नवरा-मुलीसह अमेरिकेला पोस्टडॉक करायला गेली. तिच्या विषयाला कोणी अनुदान देईना. १९९५ मध्ये विद्यापीठाने तिला खालच्या पदावर उतरवले. ती टिकून राहिली. करोनाच्या एमआरएनए लशी तिच्या कामावर उभ्या राहिल्या आणि २०२३ मध्ये नोबेल मिळाले. ही गोष्ट सांगून लोक टाळ्या घेतात. मी व्यापारी आहे, मला दुसरा प्रश्न पडतो. तिच्याइतक्याच हुशार किती जणी १९९५ मध्ये घरी परतल्या असतील? त्यांचा हिशोब कोणत्याच वहीत नाही. सबुरी मोठी चीज आहे, पण सबुरीच्या भरवशावर कारखाना चालत नाही.

आपण काय करावे?

माझी चूक आधी कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी मुलीला एक चांगले स्थळ आले होते. मुलाकडच्यांनी विचारले, "नोकरी कायम आहे का?" मी खरे ते सांगितले आणि बोलणे थांबले. त्या रात्री मी तिला म्हणालो की हे सोड, बी.एड. कर, गावातल्या शाळेत लाग. ती एवढेच म्हणाली, "अब्बा, बीम मागावर चढवले आहे. अर्धा तागा विणून झाल्यावर कापून टाकायला तुम्ही कोणाला सांगाल का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. आज ती ३१ वर्षांची आहे आणि त्या तोडग्याची मला लाज वाटते.

म्हणून माझे मत असे. पोस्टडॉक ही नोकरी समजून मुलाला पाठवू नका आणि बेकारी समजून परत ओढू नका. ती मुदतीची शागिर्दी आहे. शागिर्दीचे नियम आपल्या बापजाद्यांना ठाऊक होते: उस्ताद पारखून घ्यायचा, मुदत आधी ठरवायची, आणि मुदत संपेपर्यंत घरच्यांनी शब्द पाळायचा.

उस्ताद पारखायचा म्हणजे त्याच्या प्रयोगशाळेतून आधी बाहेर पडलेली मुले आज कुठे आहेत ते मुलाने स्वतः त्यांना फोन करून विचारावे. अनुदान किती महिन्यांचे उरले आहे ते रुजू होण्याआधी लेखी घ्यावे. मुदत ठरवायची म्हणजे मुलाने स्वतः सांगावे की अमुक वयापर्यंत जागेसाठी प्रयत्न, त्यानंतर कंपनीचे दार. आणि ते दार उघडे राहावे म्हणून संगणकाची कामे पहिल्या दिवसापासून हातात ठेवावीत. राष्ट्रीय फेलोशिपला वयाची अट ३५ आहे. महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षांची सूट आहे. आपल्यात ओबीसीत मोडणाऱ्या बिरादऱ्या पुष्कळ आहेत, पण केंद्राच्या नमुन्यातला दाखला ऐनवेळी निघत नाही. तो आजच काढून ठेवा. लग्न, बाळंतपण यामुळे खंड पडलेल्या मुलींना परत येण्यासाठी केंद्राची वाईज-किरण योजना आहे. सुनेला ती माहीत नसेल तर सासऱ्याने माहिती आणून द्यावी.

सरकारकडेही आपले मागणे आहे. अल्पसंख्याक मुलांना पीएच.डी.साठी २००९ पासून मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप २०२२ मध्ये बंद केली गेली. त्यामुळे पोस्टडॉकच्या आधीची पायरीच गरीब घरांसाठी उंच झाली. ती पुन्हा सुरू करावी. आणि सर्वच संशोधकांसाठी, मग ते कोणत्याही जाती-धर्माचे असोत, फेलोशिप महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मिळावी. जे सरकार व्यापाऱ्याकडून जीएसटी एक दिवस उशिरा घेत नाही, त्याने मजुराचे देणे पाच महिने थकवू नये.

आणि आपल्यासाठी एक सूचना. आपल्या संस्था दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांना ढाल, प्रमाणपत्र आणि भाषण देतात. तिथे आपली मदत संपते. खरी गरज पुढे असते. प्रत्येक शहरातल्या दहा-वीस व्यापाऱ्यांनी मिळून एक छोटा फंड करावा. फेलोशिप थकली तर चार-सहा महिने बिनव्याजी उसने द्यावेत, पैसे आले की परत घ्यावेत. हा खैरातीचा मामला नाही, कर्जे-हसना आहे. रक्कम बुडायची भीती कमी, कारण देणेकरी सरकार आहे, उशिरा का होईना पण देते. आमच्या बाजारात चार जणांशी मी बोललो आहे. दोघे तयार झाले, दोघे विचार करतो म्हणाले.

मुलीने तिची मुदत मला वहीत लिहून दिली आहे, तारखेसह. तोवर मी तिला पगार विचारणार नाही, लग्नाचा विषय ती काढेल तेव्हा निघेल. परवा ते सुताचे दलाल पुन्हा आले. मी त्यांना आपणहून सांगितले, "मुलगी शिकत नाही. ती मुदतीवर विणते आहे. तागा मागावर आहे आणि त्यावर नाव तिचे पडणार आहे." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सेठ, माझा नातू एम.एस्सी.ला आहे. तुमची ती वही एकदा दाखवाल का?"